निंबाच्या पश्चिमेस

"इसम नामे नागप्पा वलद रेवणप्पा हत्तुरे, वय अंदाजे एक्कावन्न, राहणार कसबा, सोलापूर. धंदा अर्जनवीस. शिक्षण मराठी चौथी. बांधा सडपातळ, रंग सावळा. ओळखण्याची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटास शाईचा डाग, धुतला असता जात नाही. सरकारी नोकरी: केलेली नाही. कायद्याचे ज्ञान: असण्याचे कारण नाही. बैठकीची जागा: कचेरीच्या आवारातील निंबाचे खोडापासून पश्चिमेस चार हात. सदर इसम त्या जागी पदवीधर कारकुनांस जमवून सरकारी कामकाजाविषयी बोलत असतो. त्यापासून कचेरीस काही फायदा नाही. सबब त्यास सदरहू जागेवरून उठविणेत यावे."

हे वर्णन १९२८ सालच्या ऑक्टोबरात सोलापुरातल्या एका कचेरीत लिहिले गेले. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. शहरात कचेऱ्या बऱ्याच होत्या आणि निंबही बरेच होते. लिहिणाऱ्याचे नाव कमलाकर वैरागकर, बी.ए. अक्षर मोत्यासारखे. शेवटची दोन वाक्ये सोडली तर मजकुरात खोटे काही नाही, आणि ती दोन त्याला सांगून लिहवली होती. मात्र नागप्पाचे सारे जगणे त्या दोन वाक्यांवर येऊन टेकले होते. आवाराबाहेर बसलेला अर्जनवीस म्हणजे नदीपासून कोसभर लांब बसलेला नावाडी. हाक मारायला कोणी येत नाही.

नागप्पा निंबाखाली आला तो १९१२ साली. त्याआधी तो गिरणीतल्या लोकांची गावाकडची पत्रे लिहून देई. पत्रात लोक "इकडे सर्व खुशाल" असेच सांगत, त्यामुळे हाताला वळण लागले तरी डोक्याला काम नव्हते. अर्जात मात्र कोणीच खुशाल नसतो. तिथे नागप्पाचा जीव रमला. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की तो झाडाच्या पश्चिमेला घोंगडी अंथरी. दुपारची भाकरी झाली की सावलीमागोमाग घोंगडी पूर्वेला जाई, आणि तिच्यामागून टाक, दौत, अर्जदार आणि पुढे पुढे पदवीधर.

पदवीधर आले त्याचे कारण खात्याची परीक्षा. पुण्यामुंबईला बी.ए. होऊन जिल्ह्यात कारकून म्हणून लागलेल्या मुलांना ही परीक्षा द्यावी लागे. कायद्याच्या पेपरात ही मुले चमकत. इंग्लंडच्या पार्लमेंटचा तीनशे वर्षांचा इतिहास ज्यांना तोंडपाठ, त्यांना महसुलाची कलमे काय जड! ते पडत ते शेवटच्या पेपरात. तिथे एखाद्या खेडुताचा अर्ज देत आणि त्यावर काय हुकूम कराल ते लिहा म्हणत. तो अर्ज वाचून मुलांना एवढेच कळे की अर्जदार दुःखी आहे.

१९२४ साली असाच एक नापास झालेला बी.ए. पाणी प्यायला खाली उतरला आणि सहज नागप्पाला म्हणाला, "हे लोक नेमकं मागतात काय हो?" नागप्पाने घोंगडीचा कोपरा झटकला आणि म्हणाला, "बसा की. हे पाव्हणं कासेगावास्नं आलेत. त्यांनी काय लिवून आणलंय ते वाचू नका. त्यांना काय पायजे ते इचारा."

तो मुलगा त्या वर्षी पास झाला. पुढच्या वर्षी तिघे आले.

फी नव्हती. दर दिवशी एका अर्जदाराचा अर्ज फुकट लिहून द्यायचा, एवढेच. प्रवेशपरीक्षा मात्र होती, आणि तिच्यात एकच प्रश्न होता: "शिकायचं कशापायी?" उत्तरे ठरलेली असत. बढती. सासऱ्याची अट. आपल्या मागून लागलेला मनुष्य खुर्चीवर आणि आपण अजून बाकावर. नागप्पाला यातले कोणतेही उत्तर चाले. एकाने मात्र "देशसेवा" असे सांगितले. त्याला नागप्पाने आठ दिवस नुसते टाक पुसायला लावले. नवव्या दिवशी तो हळूच म्हणाला, "सासरे." मग शिकवणी सुरू झाली.

निघतानाचाही एक प्रश्न होता. "समाधान झालं का?" जो चटकन हो म्हणे त्याला नागप्पा सांगे, "मग अजून पंधरा दिस या."

कमलाकर वैरागकर १९२७ साली कचेरीत लागला आणि त्याच वर्षी शेवटच्या पेपरात पडला. पुढच्या आषाढात तो निंबाखाली आला. धोतर सावरून, घोंगडीवर आधी हातरुमाल पसरून बसला. शिकायचं कशापायी, या प्रश्नावर तो म्हणाला, "मी रोज दहा कागदांवर 'हुकूम समजावून दिला' असं लिहितो. कुणाला काय समजलं ते मला माहीत नसतं."

"कुनाला कदी समजावून दिलंय का?"

"नाही. खिडकीतून कागद देतो."

"मंग बसा. त्यो रुमाल काडा अंगुदर, घोंगडी लाजतीय."

त्याच आठवड्यात दगडाबाई आली. शहरापासून पाच कोसांवरच्या गावची ही विधवा. हातात कागदांची सुरळी, तिला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली. शेजारच्या कोंडीबाने तिच्या शेताची वाट काटे लावून अडवली होती. तिने पाच अर्ज केले होते आणि पाचही वेळा कचेरीने उत्तर दिले होते. कचेरी उत्तर देत नाही असे कोणी म्हणू नये. हा सहावा अर्ज लिहवून घ्यायला ती आली होती.

नागप्पाने सुरळी कमलाकरच्या मांडीवर ठेवली. "बाईला हुकूम समजावून द्या. आन समजला कवा म्हनायचं, तर ती आपल्या तोंडानं परत सांगंल तवा."

कमलाकरने पहिला कागद उघडला. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज न केल्यामुळे विचार करता येत नाही. पुढच्या चार कागदांवर लिहिले होते की याच विषयावर पूर्वी दिलेल्या हुकुमाकडे लक्ष वेधण्यात येते. शेवटच्या दोन कागदांवरचे अक्षर मोत्यासारखे होते. कमलाकरने ते ओळखले.

"बाई, यात काय लिहिलंय, ठाऊक आहे का?"

"व्हय तर. खिडकीतल्या सायबानं सांगितलं की. सहा म्हैनं."

"सहा महिने काय?"

"सहा म्हैन्यांनी ये. म्हून येती. एक खेप चुकीवली न्हाय बगा मी. पुसात येती, आकाडात येती. मोजून सहा."

घोंगडीवरचे दुसरे दोन पदवीधर हसले. नागप्पाने त्यांच्याकडे पाहिले, आणि ते पुन्हा हसले नाहीत.

"अहो, सहा महिन्यांनी नव्हे," कमलाकर म्हणाला, "सहा महिन्यांच्या आत. वाट अडवली तेव्हापासून."

"आन कदी अडीवली त्ये कुनी इचारलं मला?"

कमलाकरने पहिला कागद पुन्हा उलटून पाहिला. "बरं, कधी अडवली?"

"ह्या मिरगाला."

"या मृगाला? आणि पहिला अर्ज अडीच वर्षांपूर्वीचा आहे तो?"

"त्यो तवाच्या मिरगाचा. लेकरा, त्यो दर मिरगाला काट्या लावतोय आन शिमग्याला उपसून होळीत घालतोय. बाबळीचं जळान लई ब्येस. शिमग्यापास्नं मिरगापातूर वाट मोकळीच की. पर तवा शेतात जाऊन मी काय ढेकळं मोजू?"

दर मृगाला काटे नवे, म्हणजे दर मृगाला अडवणूकही नवी. पौषातले तिचे अर्ज मुदतीबाहेरचे होते, पण आषाढातले दोन अगदी वेळेवर पोहोचले होते, आणि कचेरीने ते जुना हुकूम उतरवून काढून परत केले होते. त्या दोनपैकी एक कमलाकरने उतरवला होता. जुन्या अर्जावर नवे उत्तर लिहायचे नसते, हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले होते. कागद जुना की काटे नवे, हे खिडकीतून दिसत नसे.

"परत सांगा बरं बाई," कमलाकर म्हणाला.

"मिरगात अडीवलं की दिवाळीच्या अंगुदर यायचं. पुसात आलं की ग्येलं." दगडाबाईने पाचही कागद परत घेतले आणि चिंधी बांधली. "येवढंच व्हतं व्हय? मंग ह्ये पैल्याच खेपंला सांगाया काय तोंड दुकत व्हतं तुमचं?"

सहावा अर्ज कमलाकरने स्वतः लिहिला आणि वरती अडवणुकीचा महिना घातला. श्रावणात सुनावणी झाली आणि वाट खुली झाली. इथवर सारे बरे होते. पण कचेरीचे साहेब चौकस निघाले. त्यांनी जुने पाच कागद मागवले, वाचले आणि दोन गोष्टी केल्या. एक, कचेरीत परिपत्रक फिरवले: ज्याला हुकूम द्यायचा त्याने तो स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याखेरीज "समजावून दिला" असे कोणीही लिहू नये. दोन, पाचही कागदांवर सही करणारे शिरस्तेदार गंगाधरपंत यांच्याकडून खुलासा मागवला.

गंगाधरपंत वाईट मनुष्य नव्हते. तीस वर्षांत त्यांच्याकडून खुलासा कोणी मागितला नव्हता, एवढेच. त्यांनी कमलाकरला बोलावले.

"वैरागकर, हे परत सांगण्याचं खूळ कुठून आलं?"

"निंबाखालून."

"सरकार तुम्हाला बी.ए. म्हणून पगार देतं आणि तुम्ही चौथी पास माणसाच्या घोंगडीवर बसता?"

"बी.ए. होतानाही बाकावरच बसलो होतो, पण असं काही कळलं नव्हतं."

"फार शहाणे आहात. मग आता त्याचं वर्णन तुम्हीच लिहा. आणि हे लक्षात ठेवा, परीक्षेची शिफारस माझ्या सहीनं जाते."

कमलाकरने वर्णन लिहायला घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणी केली, खोडापासून हाताने अंतर मोजले, नागप्पाचे बोट धरून शाईचा डाग पाहिला. शेवटची दोन वाक्ये गंगाधरपंतांनी सांगितली. चार दिवसांत हुकूम झाला, आणि तो बजावायलाही कमलाकरलाच पाठवले.

त्याने उभ्या उभ्या वाचून दाखवला. मग खाली बसला आणि मान न उचलता म्हणाला, "परिपत्रक आहे अण्णा. सांगा परत. काय कळलं?"

"काय न्हाय कळलं."

"अण्णा!"

"मी चौथी शिकलेला मानूस, वैरागकर. तुमीच लिवलंय. पुन्ना वाचा."

त्याने पुन्हा वाचला.

"'फायदा नाही' म्हनता. कुनाचा?"

"कचेरीचा."

"कचेरीत कुनाला इचारून लिवलं?"

"कुणालाच नाही."

"बगा. तुमाला म्हाईत न्हाय, आन मला कसं कळावं? पुन्ना वाचा."

तिसऱ्या वाचनाला नागप्पाची बायको सिद्धम्मा भाकरी घेऊन आली. तिने टोपली खाली ठेवली आणि थोडे ऐकले. "अय्य! किती येळ वाचाय लागलाय? मला समजलं की. तुमाला हितनं उठा म्हनाय लागलेत."

"तू गप. हुकूम माझ्या नावचा हाय. तुला समजून चालत न्हाय."

कमलाकरला हसू आवरले नाही. नागप्पा हसला नाही. कमलाकर गेल्यावर त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला.

"खरंच उठीवलं तर?" सिद्धम्माने विचारले.

"तर घरी बसून तुझं ऐकीन."

"साकु," ती म्हणाली. पुरे झाले, असे म्हणायचे असले की ती कन्नडावर येई. "सोळा वर्सं हितं भाकरी आणतीय मी. घरचा रस्ता पायाला ठावंच न्हाय तुमच्या." आणि निंबाच्या खोडाला पाठ लावून ती त्याचे जेवण होईपर्यंत बसून राहिली. एरवी ती टोपली ठेवून लगेच जाई.

कमलाकरने कागदावर शेरा मारला: हुकूम समजावून दिला. इसमास समजला नाही.

"समजला नाही म्हणजे?" गंगाधरपंत ओरडले. "त्याला मराठी येत नाही?"

"वर्णनात लिहिलंच आहे, कायद्याचं ज्ञान असण्याचं कारण नाही. मला तेव्हा पटलं नव्हतं. आता त्याचं वागणं बघून पटलं."

"उठवा त्याला! समजो न समजो."

"तसा शेरा लिहून द्याल का? परिपत्रकाविरुद्ध आहे, पण आपली सही असली तर मी चिकटवतो."

गंगाधरपंतांनी एका वर्षात दुसरा खुलासा देण्याची हौस दाखवली नाही. त्या वर्षी कमलाकरची शिफारसही गेली नाही. त्याने तक्रार केली नाही. तो रोज निंबाखाली येत राहिला. हातरुमाल पसरणे त्याने केव्हाच सोडले होते.

नागप्पाला समजेपर्यंत दर तीन महिन्यांनी हुकूम पुन्हा समजावून द्यावा, असे ठरले. सरकारी काम सोडून देता येत नाही. आणि इथे नागप्पाने जे केले त्यासाठी मी हे लिहायला घेतले. दुसरा कोणी असता तर रडला असता, साहेबाच्या पाया पडला असता, निदान शिव्या तरी दिल्या असत्या. नागप्पाने तो हुकूम अभ्यासक्रमात घेतला. नव्या येणाऱ्या प्रत्येक बी.ए.च्या हातात तो आपल्याच उठवणुकीचा कागद देई आणि म्हणे, "ह्ये मला समजावून द्या." मुले घाम गाळत. फायदा म्हणजे काय, तो कोणी मोजायचा, कारण न देता दिलेला हुकूम टिकतो का, आणि ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला ते कोणत्या शब्दांत सांगायचे, हे सारे त्या एका कागदातून निघे. एखादा चुणचुणीत मुलगा रंगात येऊन हुकूम अगदी बिनतोड करून दाखवी. तेव्हा नागप्पा दाद देई, "लई झ्याक. आता तुमी मला उटीवणार बगा." आणि मग खरोखर अंग चोरून बसे. तो मुलगा मग दिवसभर आपलेच मुद्दे खोडत बसे. मला वाटते, कारभाराचे एवढे शिक्षण कोणत्याही कॉलेजात त्या वेळी मिळत नव्हते, आणि कोणत्याही मास्तराने स्वतःचा गळा धडा म्हणून पुढे केला नव्हता.

१९३० साली गंगाधरपंतांचा धाकटा भाऊ मुकुंद बी.ए. होऊन नोकरीला लागला. त्याच्याही पुढ्यात ती परीक्षा आली. गंगाधरपंतांनी त्याला निंबाखाली पाठवले. लेखी नव्हे, तोंडी. मुकुंदला नागप्पाने विचारले, "शिकायचं कशापायी?"

"दादांनी पाठवलं."

"चालंल. सासऱ्याच्या खालोखाल चालंल." आणि त्याच्याही हातात तोच कागद ठेवला. खाली थोरल्या भावाची सही पाहून मुकुंद लालबुंद झाला.

"तुमाला अवगड वाटत असंल तर दुसरा कागद दिऊ?" नागप्पाने विचारले. टोमणा नव्हता. त्याला खरेच काळजी वाटली होती.

"नको," मुकुंद म्हणाला, "हाच द्या."

मुकुंद पहिल्या फटक्यात पास झाला. त्या वर्षी कमलाकरची शिफारस गेली होती, आणि तोही पास झाला. शेवटच्या पेपरात एक पाण्याच्या पाटाचा अर्ज आला होता. त्याने हुकूम लिहायच्या आधी लिहिले: प्रथम अर्जदारास बोलावून पाट कोणत्या महिन्यात बुजवला जातो ते विचारावे. त्या निंबाखालून तोवर एकोणीस जण पास झाले होते. निघताना कमलाकरला नागप्पाने नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाही," कमलाकर म्हणाला. "तो हुकूम अजून फाईलवर आहे. समाधान कसलं?"

"मग तुमी शिकला," नागप्पा म्हणाला आणि दौतीत पाणी घातले.

१९३२ साली गंगाधरपंत पेन्शनीत गेले आणि साहेबही बदलले. नव्या साहेबांना पडून असलेली प्रकरणे आवडत नसत. मार्चअखेर सगळी निकालात काढायची, असा त्यांचा नेम होता. यादीत नागप्पा सातव्या क्रमांकावर होता. साडेतीन वर्षांत चौदा वेळा हुकूम समजावून दिला, चौदा वेळा समजला नाही, हे वाचून ते म्हणाले, "आता समजावणं पुरे. समक्ष पाहणी करा. इसम अद्याप त्या जागेवर असेल तर पोलीस घेऊन उठवा, नसेल तर प्रकरण मिटवा. संध्याकाळच्या आत." पाहणीचे काम ज्येष्ठ कारकून वैरागकर यांच्याकडे आले.

कागद हातात पडला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. खिडकीतून निंब दिसत होता. नागप्पा एका पाव्हण्याचे ऐकत होता आणि दोन नवे बी.ए. माना खाली घालून लिहीत होते. कमलाकरने कागद टेबलावर ठेवला आणि यादीतली आधीची सहा प्रकरणे एकामागून एक हातावेगळी केली. मधल्या सुट्टीत तो जेवला नाही. दोनदा घड्याळाकडे पाहिले आणि एकदा उन्हाकडे. मग टोपी घालून तो एकटाच खाली गेला, खोडापासून पश्चिमेस चार हात मोजले, आणि त्या जागी उभा राहून, झाडाच्या पलीकडे न बघता, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिले:

"समक्ष पाहणी केली. निंबाचे खोडापासून पश्चिमेस चार हात या जागेवर कोणीही इसम बसलेला आढळून आला नाही. जागेवर ऊन आहे. सबब प्रकरण दप्तरी दाखल करणेत यावे."

साहेबांनी सही केली.

साडेतीन वाजले होते. नागप्पा पूर्वेला बसला होता.